कीबोर्डला हात न लावणाऱ्या ताईस

प्रिय ताई,

हे पत्र बघून तुला हसू येईल. तुझ्या लेखी त्या दिवशी लॅबमधला पाऊण तास गेला, एवढंच. मी कोण हेही कदाचित आठवणार नाही. शेवटून दुसऱ्या रांगेत बसलेला, पाच वेळा एकच नाव छापणारा मुलगा म्हटलं तर आठवेल बहुतेक.

प्रोग्रॅम जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतला आणि अगदी साधा होता. पाच विद्यार्थ्यांची नावं आणि गुण वाचायचे, प्रत्येकाचा ऑब्जेक्ट, म्हणजे त्याचं नाव-गुण एकत्र ठेवणारी वस्तू, यादीत टाकायचा आणि शेवटी यादी छापायची. मी छापली, तर पाचही ओळींत शेवटच्याच विद्यार्थ्याचं नाव. एरर एकही नाही. एरर आला असता तर निदान शिव्या घालायला तरी काहीतरी मिळालं असतं!

तू येण्याआधी तिघांना विचारून झालं होतं. एका सरांनी माझ्या खांद्यावरून हात घालून न्यूची, म्हणजे नवा ऑब्जेक्ट तयार करणारी ओळ लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या आत नेली, रन केलं, "झालं बघ" म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे गेले. उत्तर बरोबर आलं होतं. ते गेल्यावर मी ती ओळ पुन्हा होती तिथे आणून ठेवली, कारण नक्की काय बदललं ते मला कळलंच नव्हतं. दुसरा म्हणाला, "अरे, हे तर बेसिक आहे." तिसऱ्याने त्याची वही दिली.

वहीत काय असणार? माझ्या वहीत होतं तेच. क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून निघालेली वस्तू. एन्कॅप्सुलेशन, ॲब्स्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम, प्रत्येकाची दोन-दोन ओळींची व्याख्या. प्राणी हा क्लास, कुत्रा हा त्याचा सबक्लास. महिनाभर वर्गात तो कुत्रा भुंकत होता, पण व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅममधल्या नाव दिलेल्या खणात, नेमकं काय साठवलेलं असतं हे एकानेही सांगितलं नाही. प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ती पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन ही ओळ अशीच का लिहायची, तर "आत्ता पाठ करा, पुढे कळेल." ते 'पुढे' काही आलं नाही. याचा राग अजून आहे आणि तो मी लपवत नाही.

मग तू स्टूल ओढून शेजारी बसलीस, दोन्ही हात मांडीखाली घेऊन. मला वाटलं थंडी वाजतेय. तू म्हणालीस, "हात मोकळे असले की आपोआप टाइप करायला लागतात, म्हणून."

ताई, या पत्राचं कारण तेवढंच आहे. बाकी सगळं नंतरचं.

पेन्सिल दिलीस, एक पाठकोरा कागद दिलास आणि स्क्रीनकडे बघायचं नाही म्हणालीस. "न्यू जितक्या वेळा चाललं तितक्या चौकटी काढ." मी ऐटीत पाच काढल्या. तू गप्प. बऱ्याच वेळाने विचारलंस, "लूपच्या आत आहे का ते?" मी चार खोडल्या. मग यादीचे पाच खण काढले, प्रत्येक खणातून एक बाण काढला, आणि पाचही बाण जाऊन टेकले त्या एकाच चौकटीवर. चौकटीत पहिल्याचं नाव लिहिलं, खोडून दुसऱ्याचं, ते खोडून तिसऱ्याचं. पाचवं नाव लिहिताना कागद फाटला.

तेव्हा मीच म्हणालो, "म्हणजे यादीत विद्यार्थी नाहीच आहेत. नुसते पत्ते आहेत, आणि पाचही एकाच घराचे." तू फक्त "हं" म्हणालीस. उत्तर तुला पहिल्या मिनिटालाच दिसलं असणार. ते तोंडातून बाहेर पडू द्यायचं नाही, आणि तेही पाऊण तास, हे कसं जमतं?

जाता जाता मेनचंही विचारून घेतलं. तू त्याच कागदाच्या कोऱ्या कोपऱ्यावर बोट ठेवलंस. प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा कागदावर एकही चौकट नसते, मग हाक मारणार कोणाला? म्हणून मेन स्टॅटिक, क्लासची स्वतःची, ऑब्जेक्टवाचून चालणारी. दोन वाक्यं. सांगायला एवढं जड होतं का हे कोणाला?

नंतर थोडं वाचलं. क्लास आणि ऑब्जेक्ट ही कल्पना नॉर्वेतल्या ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नुगोर यांच्या सिम्युला 67 या भाषेतून पुढे आली. त्या भाषेत आकड्यासारखी साधी किंमत साठवायची असेल तर कोलनपुढे बरोबरचं चिन्ह आणि ऑब्जेक्टकडे बोट दाखवायचं असेल तर कोलनपुढे आडवी रेघ, अशी दोन वेगळी चिन्हं होती. 1995 साली आलेल्या जावात आकड्यालाही तेच बरोबरचं चिन्ह आणि ऑब्जेक्टलाही तेच. हे वाचून फार बरं वाटलं. म्हणजे मी अडखळलो तिथे खरोखरच दगड होता, मी निव्वळ मठ्ठ नव्हतो.

हुशार माणसं कॉलेजात पुष्कळ भेटली. हुशारी मांडीखाली दाबून दुसऱ्याचं चुकणं शांतपणे बघत बसणारं माणूस एकच भेटलं. त्याला शिकवण्याची पद्धत वगैरे म्हणावं असं मला वाटत नाही. तो चांगुलपणाच आहे, आणि तो जावा येणाऱ्यांनाच असतो असंही नाही.

फाटलेला कागद वहीत चिकटवून ठेवलाय. पेन्सिल मात्र तुझी आहे, परत करायची राहिली. येत्या प्रॅक्टिकलला घेऊन येतो. आणि ताई, इंटरफेस कशाला लागतो ते मला अजून कळलेलं नाही. कोरा कागद मी आणेन.

तुझा,
शेवटून दुसऱ्या रांगेतला