पंचवटीतल्या स्टेशनरीवाल्या काकांना

काका, नमस्कार.

परवा माझी सातवीतली लेक तुमच्या दुकानात ग्राफपेपर घ्यायला आली आणि पूर्णांक संख्यांचा गुणाकार समजून घरी आली. तुमचे आभार कसे मानावेत, अजून सुचत नाहीये.

ऋण गुणिले ऋण धन का, एवढंच तिला हवं होतं. शाळेत उत्तर मिळालं, ‘नियम आहे, पाठ कर.’ वर्षाची फी आगाऊ घेतलेल्या क्लासमध्ये तर ‘परीक्षेत “का?” असं विचारत नाहीत’ म्हणून सगळ्यांसमोर तिचं हसं केलं. त्यानंतर पोरीनं हात वर करणंच सोडलं. देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता ६१७४ या संख्येची किमया शोधणाऱ्या द. रा. कापरेकरांचं हे नाशिक. इथं मुलांना ‘का’ विचारायची चोरी व्हावी, याचा मला फार संताप येतो.

तुम्ही उधारीची वही उघडलीत. पाच-पाच रुपयांच्या तीन उधाऱ्या खोडल्या, तर तू पंधरा रुपयांनी वर आलीस की नाही? (−३) × (−५) = १५. दुसरं कुणी इथंच थांबलं असतं. पण ती म्हणाली, ‘माझ्या हातात पैसे कुठे आले?’ तुम्ही म्हणालात, ‘बरोबर विचारतेस.’ तेवढ्यात झेरॉक्सला दोघं-तिघं आली. त्यांना तुम्ही सांगितलंत, ‘जरा थांबा, हिचं गणित चाललंय.’

काका, हे वाक्य तिनं मला पुन्हा पुन्हा सांगितलं. मोठी माणसं तिच्या प्रश्नासाठी थांबली होती!

मग पाठकोऱ्या कागदावर तुम्ही लिहिलंत: २ × (−३) = −६, १ × (−३) = −३, ० × (−३) = ०. दर ओळीला उत्तर तीनने वाढतंय. त्याखाली (−१) × (−३), आणि पेन तिच्या हातात. तिनं ३ लिहिले. धन-ऋणाचे हे नियम आपल्याकडच्या गणिती ब्रह्मगुप्तानं ६२८ सालीच लिहून ठेवलेत, हेही तिला तुमच्याकडूनच कळलं.

शिकवणं हा तुमचा धंदा नाही. उलट ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी तुम्ही परक्या पोरीला वेळ दिलात. अशी माणसं गावात आहेत, म्हणून लेकरांना एकटं बाहेर धाडायचा धीर होतो.

आता तिला भागाकाराचं विचारायचंय. ती येईलच. गर्दी असली तर या वेळी तू थांबायचंस, असं तिला बजावलंय.