केंद्रीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र : आमचे शोधनिबंध कोणी वाचणार आहे का?

मा. केंद्रीय शिक्षणमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मी खानदेशातील एका अनुदानित महाविद्यालयात इतिहास शिकवते. ‘प्राध्यापक’ पदाच्या स्थाननिश्चितीसाठी, म्हणजे बढतीसाठी, मी दिलेल्या प्रस्तावातील एक शोधनिबंध छाननी समितीने गेल्या आठवड्यात अमान्य केला. तो ज्या मराठी त्रैमासिकात आला, ते ‘यूजीसी केअर’ यादीत, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीत होते आणि ती यादी आता अस्तित्वात नाही, एवढेच कारण मला सांगण्यात आले. निबंध छापला गेला तेव्हा यादी होती आणि त्रैमासिक त्या यादीत होते. याचा छापील पुरावाही मी प्रस्तावाला जोडला होता. त्याच बैठकीत दुसऱ्या एका प्रस्तावातील निबंध मात्र मान्य झाले, कारण ते ज्या मासिकात आले त्याच्या मुखपृष्ठावर ‘पिअर रिव्ह्यूड’ (विषयतज्ज्ञांनी परीक्षण केलेले) असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. हेच मासिक निबंध छापण्याचे किती रुपये घेते, याचा दरपत्रकासह संदेश आमच्या विभागातील प्रत्येकाच्या फोनवर येऊन गेलेला आहे.

महोदय, हा गोंधळ आमच्या समितीने एकटीने घातलेला नाही, तो वरून आलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. त्या यादीत विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांपैकी १,००९ नियतकालिके पुण्याच्या अभ्यासकांनी तपासली आणि त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाहीन असू शकतात, असा निष्कर्ष २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली. ती आत कोणी घेतली होती आणि त्यांच्या जोरावर दरम्यान कोणाकोणाला बढत्या मिळाल्या, याचा हिशेब आम्हाला कोणी दिला नाही. मग पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात केंद्र स्थापन करून २०१९ मध्ये ‘केअर’ यादी आली. आता बनावट नियतकालिकांचा बंदोबस्त होईल, असे आम्हाला सांगितले गेले आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही यादी बंद झाली. नियतकालिक निवडण्याची जबाबदारी आता संस्थांवर आहे, आणि हाताशी आहेत ते केवळ ‘सूचक निकष’.

संस्थांवर जबाबदारी टाकणे दिल्लीतून सोपे दिसत असेल. आमच्याकडे अनेक विभागांत एक पूर्णवेळ शिक्षक आणि बाकी तासिका तत्त्वावरचे सहकारी आहेत. छाननी समितीत माझ्या विषयाचा जाणकार बहुधा नसतोच. अशी समिती निबंध वाचत नाही; ती आयएसएसएन पाहते, मुखपृष्ठ पाहते आणि प्रमाणपत्र पाहते. या तिन्ही गोष्टी बाजारात विकत मिळतात. आयएसएसएन हा केवळ ओळखक्रमांक आहे, दर्जाचा दाखला नाही, हे समितीला पटवण्यात माझा अर्धा वेळ गेला आणि तो वाया गेला.

ज्या निबंधाला शून्य गुण मिळाले, तो कसा झाला हेही आपण ऐकावे. पांझरा नदीच्या काठची फड पद्धती हा माझा विषय. नदीवर बंधारा घालून पाटाने पाणी न्यायचे, गावची जमीन फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, विभागायची, कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे ते सर्वांनी मिळून ठरवायचे आणि पाटकऱ्याने पाळीप्रमाणे पाणी सोडायचे, अशी ही कित्येक पिढ्या चाललेली व्यवस्था आहे. एका पाटकऱ्याच्या घरात मोडीतले कागद मिळाले. त्यांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या होत्या आणि काही ओळी उन्हात तिरप्या धरल्याशिवाय लागत नव्हत्या. त्रैमासिकाकडे निबंध पाठवल्यावर एका परीक्षकांनी समासात लिहिले, की पाण्याच्या पाळीविषयीचा निष्कर्ष एकाच कागदावर उभा आहे, दुसरा आधार द्या. मी पुन्हा त्या गावी गेले, दुसऱ्या घरातला कागद मिळवला, तो वाचून घेतला आणि मगच निबंध छापला गेला. परीक्षण म्हणतात ते हे. संपादकांनी माझ्याकडून एक पैसाही घेतला नाही.

आणि बाजारात काय चालते? ‘४८ तासांत स्वीकृती, प्रमाणपत्र मोफत, सहलेखकाचे नाव वाढवण्याचा दर वेगळा’, असा संदेश येतो. चर्चासत्राच्या नावाने जाडजूड विशेषांक निघतो. अशा एका विशेषांकाची अनुक्रमणिका माझ्यासमोर आहे. तीत कबीर, वस्तू व सेवा कर, मधमाश्यापालन आणि खो-खोपटूंची शारीरिक क्षमता हे सारे एकापाठोपाठ आहे, आणि या सर्वांवर परीक्षक मंडळ एकच आहे. आयोगाच्या शिक्षकांच्या नेमणुका व बढत्यांविषयीच्या २०१८ च्या नियमावलीत मानव्यविद्येच्या एका निबंधाला १० गुण आहेत. कागदांसाठी वणवण करून लिहिलेल्या निबंधाला १० आणि पैसे भरून छापलेल्यालाही १०. प्राध्यापकपदासाठी निदान ११० गुण आणि १० प्रकाशने लागतात. संशोधनाची अशी मोजदाद सुरू झाली की ते मोजून विकणारे दुकान उभे राहणारच. हैदराबादच्या ‘ओमिक्स’ या प्रकाशन समूहाविरुद्ध फसव्या नियतकालिकांबद्दल खटला भरला तो अमेरिकेच्या व्यापार आयोगाने, आणि २०१९ मध्ये पाच कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निकाल दिला तोही तिथल्या न्यायालयाने. आपल्या दारातली ही लूट परदेशी न्यायालयाने मोजावी, याची मला लाज वाटते.

वाङ्मयचौर्याचे नियम आहेत, असे आपले अधिकारी सांगतील. २०१८ चे ते नियम साम्याची टक्केवारी मोजतात. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. पण पैसे घेऊन दुसऱ्याने नव्याने लिहून दिलेला, कोणतीही पाहणी न करता तक्ते भरलेला निबंध त्या यंत्रातून निर्दोष बाहेर पडतो. खोटी माहिती शोधायची तर निबंध वाचावाच लागतो.

‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेसाठी सरकारने तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये मंजूर केले. त्यातून सुमारे १३,००० नियतकालिके विद्यार्थ्यांना खुली होतात, याचा मला आनंद आहे. पण त्याच वेळी मराठीतली जुनी त्रैमासिके वर्गणीवर आणि निवृत्त प्राध्यापकांच्या बिनपगारी कष्टांवर तग धरून आहेत. मातृभाषेतून ज्ञाननिर्मिती व्हावी असे नव्या शैक्षणिक धोरणात लिहायचे आणि मातृभाषेतला निबंध स्थाननिश्चितीत शून्यावर आणायचा, हे मी कसे समजून घ्यावे? माझ्या तरुण सहकाऱ्यांनी याचा अर्थ केव्हाच लावला आहे. वर्षभर एका निबंधावर घालवू नका, असे ते मलाच समजावतात. ही मुले अप्रामाणिक नाहीत. त्यांना कायम नोकरी हवी आहे आणि त्यासाठी काय लागते, ते तुमच्या नियमांनी त्यांना शिकवले आहे.

२०१८ च्या नियमावलीत ‘पिअर रिव्ह्यूड किंवा यूजीसी यादीतील’ अशी शब्दरचना आहे. माझा निबंध दोन्ही अटींत बसतो. तेव्हा केअर यादीच्या काळात त्या यादीतील नियतकालिकांत प्रसिद्ध झालेले निबंध ग्राह्य धरावेत, असा लेखी आदेश आयोगाने काढावा. यापुढे स्थाननिश्चितीसाठी उमेदवाराने स्वतः निवडलेले तीन निबंध बाहेरच्या विषयतज्ज्ञांनी वाचावेत आणि त्यांचा लेखी अभिप्राय उमेदवाराला मिळावा. छापण्याआधी परीक्षण झाले होते याचा पुरावा, म्हणजे परीक्षकांचे शेरे आणि त्यांवरील लेखकाची उत्तरे, प्रस्तावासोबत मागवावीत. विशेषांकवाल्यांना ती देता येणार नाहीत. मराठीसह सर्व भारतीय भाषांतील नियतकालिकांच्या परीक्षणखर्चासाठी त्या ६,००० कोटींच्या शेजारी एक लहानशी तरतूद करावी.

यांतला पहिला आदेश तातडीचा आहे. आमच्या विद्यापीठातील पुढच्या मुलाखती दिवाळीनंतर आहेत, आणि माझ्यासारखीच अडचण असलेले सहकारी त्या मुलाखतींच्या यादीत आहेत.

आपली विश्वासू,
इतिहासाची एक सहयोगी प्राध्यापिका, खानदेश