सोंगटी रंग बदलते तेव्हा

लॉस अलामॉस,
१४ ऑक्टोबर १९८३

प्रिय सुध्या,

रात्रीचे अडीच वाजलेत, काउंटिंग रूममध्ये मी एकटाच. “तू तिथं नक्की काय फोडतोस रे?” असं विचारलंयस. तुमचा कॅरम अजून चालतो ना? मग कॅरमवरच सांगतो.

पायॉन नावाचा सूक्ष्म कण हा आमचा स्ट्रायकर. पण गंमत अशी, की तो सोंगटीपेक्षा म्हणजे प्रोटॉनपेक्षा जवळजवळ सातपट हलका. आणि अल्पायुषी! सरासरी आयुष्य २६ अब्जांश सेकंद. वेगामुळे ते थोडं ताणलं जातं, तरी १६ मीटर जाईपर्यंत शंभरातले सदतीसच उरतात. त्यांना जन्माला घालायला इथं जवळजवळ ८०० मीटर लांबीचं यंत्र आहे.

समोर ठेवायचा कार्बन. त्याच्या केंद्रकात ६ प्रोटॉन, ६ न्यूट्रॉन. एका बाजूला उडालेला पायॉन पकडायचा, दुसऱ्या बाजूला बाहेर फेकलेला प्रोटॉन, आणि दोन्ही एकाच क्षणी आले तरच जमेस धरायचे. प्रोटॉन ओळखायला आधी पातळ सिंटिलेटर (कण आरपार गेला की चमकणारा पदार्थ), मागे जाड. पातळात जास्त ऊर्जा सांडतो तो प्रोटॉन. दोघांच्या ऊर्जा मिळवायच्या आणि आलेल्या पायॉनच्या ऊर्जेपेक्षा किती कमी पडते ते बघायचं. साधारण १६ एमईव्ही (हे आमचं ऊर्जेचं माप) कमी पडली, तर प्रोटॉन केंद्रकाच्या बाहेरच्या कवचातून निघाला. आतल्या कवचातला याहून बराच महाग पडतो.

परवा ही ‘एकाच क्षणी’ची भानगड माझ्याच अंगाशी आली. केबलमधून सिग्नल मीटरभर जायला साधारण ५ अब्जांश सेकंद लागतात. मी घाईत एकाच बाजूला चार मीटर जादा केबल लावली. रात्रभर एकही जोडी जमेना! पहाटे पाठीमागच्या गुंडाळ्या हाताने चाचपल्या तेव्हा चूक सापडली. बीमची, म्हणजे पायॉनच्या झोताची, पाळी फुकट गेली, साहेब काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

आता खरी गोम. पायॉनची ऊर्जा १८० एमईव्हीच्या आसपास असली, की मोकळ्या प्रोटॉनला धन पायॉन ऋण पायॉनच्या नऊपट टक्कर देतो. न्यूट्रॉनच्या बाबतीत उलटं. पण धन पायॉन न्यूट्रॉनला आपला विद्युतभार देऊन स्वतः उदासीनही होतो, तेही धरलं तर न्यूट्रॉन काढण्यात ऋण पायॉन तिपटीने पुढे असायला हवा. न्यूट्रॉन गेला की कार्बन-११ उरतो, वीस मिनिटांत निम्मा होतो, मोजायला सोपा. १९६८ मध्ये मोजलं तर ऋण-धनचं गुणोत्तर जवळजवळ १! १९७५ मध्ये इथल्या बीमवर पुन्हा मोजलं, दीडच्या आसपास आलं. तीन काही येईना.

माझ्या मते सगळ्यात पटणारं कारण असं: धन पायॉनने पांढरी सोंगटी मारली, पण पॉकेटकडे जाताना ती काळीला घासली आणि दोघींनी रंग बदलले. बाहेर पडली काळी. म्हणजे मारला प्रोटॉन, हिशेबात गेला न्यूट्रॉन. म्हणून आम्ही बाहेर पडलेल्या प्रोटॉनलाच पायॉनसकट पकडायला बसलोय.

इथल्या डोंगरावर सगळीकडे पिन्यॉन नावाची पाइनची झाडं आहेत. पायॉन मोजायला पिन्यॉनखाली येऊन बसलोय, यावर अजून कुणीच हसलेलं नाही, तू तरी हस. त्याच्या बिया चिलगोजासारख्या लागतात, येताना आणीन.

काकूंना नमस्कार सांग. आज ऋण पायॉन लावलेत. ते मुळातच कमी जन्मतात, त्यात प्रोटॉनला टक्कर नऊपट कमी. जोडी कशीबशी तासाला दोन-चार, म्हणूनच तर पत्र एवढं लांबलं.

तुझा,
बंड्या