ती गांगरली नव्हती

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नेमबाजीच्या बातमीवर पत्र कालच लिहायला बसले होते. पण काल जे लिहिले ते छापण्याजोगे नव्हते, म्हणून आज पुन्हा.

'ऐन मोक्याला रायफल जाम झाली आणि गांगरलेली खेळाडू अर्धा मिनिट नुसतीच पडून राहिली' असे आपल्या प्रतिनिधीने लिहिले आहे. मी तिच्या मागे दहा फुटांवर उभी होते. रायफल जाम झाली नव्हती, आणि ती मुलगी तर अजिबात गांगरली नव्हती. तिने चाप ओढला, नुसता 'टक्' आवाज आला, गोळी सुटली नाही. अशा वेळी नळी लक्ष्याकडेच धरून ठेवायची, बोल्टला (काडतूस आत-बाहेर करणाऱ्या दांड्याला) हात लावायचा नाही, पंचांना खूण करायची आणि निदान तीस सेकंद थांबायचे. ती थांबली. सोळाव्या वर्षी, घड्याळ चालू असताना! मला नसते जमले. नव्हतेच जमले.

मी तेव्हा पंधरा वर्षांची. दहा गोळ्यांची पाळी, आठ अशा बसलेल्या की एका नाण्याखाली झाकाव्यात. नववीला टक्. मी रागाने तत्क्षणी बोल्ट मागे खेचला आणि काडतूस चटईवर पडले. सर मागून आले, आधी रायफल काढून घेतली, दोन-चार मिनिटे कोणाला पुढे येऊ दिले नाही. मग ते काडतूस उचलून माझ्या हातात भिंग दिले. बुडाच्या काठावर पिनेचा, म्हणजे चाप ओढल्यावर काडतुसावर आपटणाऱ्या सुळक्याचा, खळगा स्वच्छ दिसत होता. "पिनेने तिचे काम केलेय. आता याने पाच सेकंदांनी पेट घ्यायचे ठरवले असते, तर ते नळीच्या बंद चेंबरमध्ये असलेले बरे, की तुझ्या नाकासमोर?" पुढचा महिनाभर मी फक्त इतरांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचल्या.

टू-टूच्या, म्हणजे या पॉइंट टू-टू रायफलीच्या, काडतुसात ठिणगी देणारे मिश्रण बुडाच्या मधोमध नसते, पोकळ काठात फिरवून बसवलेले असते. काठाच्या एखाद्या जागी ते नीट पोहोचले नसेल आणि पिन नेमकी तिथेच बसली, तर टक्. पिनेला काठ चेपता यावा म्हणून पितळही पातळच ठेवावे लागते. म्हणूनच ते चेंबरबाहेर पेटले तर फाटते. हे समजायला शास्त्रज्ञ व्हावे लागत नाही, शेजारच्या प्रशिक्षकाला एक प्रश्न विचारला असता तरी भागले असते.

त्या भिंगाखाली पाहिल्यापासून मला या काडतुसाचा लळा लागला तो आजतागायत. घरचे हसतात. पुढे मोठ्या बोअरच्या रायफलीही चालवल्या, थ्री-नॉट-थ्रीने खांदा शेकून घेतला, पण मन रमले ते इथेच. अख्खे काडतूस जेमतेम इंचभर. शिसे ४० ग्रेन, म्हणजे अडीच ग्रॅमच्या जरा वर. उचलले की बोटाला मेणचट तुकतुकी लागते. गोळी आणि पुंगळी एकाच जाडीची, सांध्यावरून नख फिरवले तरी फारसे अडत नाही. १८८७ पासून बांधा हाच. सशांच्या शिकारीलाही हेच आणि ऑलिम्पिकलाही हेच. स्पर्धेसाठी तर ते मुद्दाम मंद ठेवतात, सेकंदाला साधारण ३३० मीटर, आवाजाच्या वेगाच्या किंचित खाली. कारण आवाजाचा वेग ओलांडलेली गोळी मंदावत पुन्हा त्या वेगाखाली येते तेव्हा डगमगते. ५० मीटरवर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, तिथे डगमग कशी परवडणार? १९९६ साली अटलांटाला क्रिस्टियन क्लीस यांनी याच काडतुसाने ६०० पैकी ६०० केले. स्वप्निल कुसळे यांचे २०२४ चे पॅरिसचे कांस्यही यावरचेच. ते तरी आपण ठळक छापले होते, आभार.

आता आपल्या बातमीतला तो '०.२२ मिलिमीटरचा छर्रा'. महोदय, आपल्याच अंकाची तीन पाने एकावर एक ठेवून चिमटीत धरा, साधारण तेवढी जाडी होते. एवढ्या गोळीने माशीही मरणार नाही. पॉइंट टू-टू हे माप इंचाचे आहे, गोळी सुमारे ५.६ मिलिमीटरची. छर्रा असतो तो एअर रायफलचा, ४.५ मिलिमीटरचा, त्यात दारूच नसते आणि तो प्रकार १० मीटरवर होतो. दिवाणखान्यातले खेळणे समजून कोणी टू-टू हाताळू नये म्हणून हेही सांगते, की सुटी गोळी दीड किलोमीटर जाऊ शकते.

छायाचित्राबद्दल बोलणार नव्हते, पण मुलगी उजवी असून आपण तिला डावखुरी करून टाकले. उलटे छापल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही? पाठीवरचा क्रमांकसुद्धा आरशातला दिसतोय हो! मागच्या पावसाळ्यातले माझे पत्र कापताना मात्र आपली कात्री अगदी नेमकी चालली होती.

दुरुस्ती छापणार असाल तर खेळाच्या पानावर छापा, छोट्या जाहिरातींच्या तळाशी नको. त्या मुलीला वर्गात "घाबरलीस का गं?" असे विचारून झाले आहे. आणि बातमीत नसलेली एक गोष्ट: तीस सेकंद झाले, पंचांनी मान हलवली, तिने दुसरे काडतूस घातले आणि १०.६ गुणांचा नेम मारला.

आपली,
एक जुनी वाचक (अजून तरी वर्गणीदार)