काउंटी कोर्टाची नक्कल आणि शिक्का

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत घटस्फोट झालेल्या, नाव बदललेल्या किंवा पैशाच्या दाव्याचा निकाल मिळालेल्या मराठी माणसावर तो निकाल महाराष्ट्रात दाखवण्याची वेळ कधी ना कधी येतेच, आणि त्या वेळी त्याच्या हातातला कागद बहुधा चुकीचा निघतो. मी बरीच वर्षे कॅलिफोर्नियात राहतो. वकील नाही, पण नात्यागोत्यातल्या लोकांसाठी काउंटी (म्हणजे इकडचा जिल्हा) कोर्टाच्या खिडकीपुढे रांगेत उभे राहण्याचे काम माझ्याकडे आपसूक आले आहे. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले-बाळे इकडे असतात, म्हणून हे पत्र.

माझ्या भाचीचे दुसरे लग्न महाराष्ट्रात नोंदणी पद्धतीने व्हायचे होते. विवाह अधिकाऱ्यांनी पहिल्या घटस्फोटाचा हुकूमनामा मागितला. तिने काढून दिला तो कागद कोर्टाकडून टपालाने आलेला, कोर्टाचे नाव व प्रकरण क्रमांक असलेला, अगदी खरा होता. मात्र तो हुकूमनामा नव्हता, हुकूमनाम्याची नोंद झाल्याची सूचना होती. कॅलिफोर्नियात हुकूमनाम्याचा नमुना एफएल-१८० आणि सूचनेचा एफएल-१९०; दोन्ही एकाच सुमारास हाती पडतात आणि दिसायलाही भावंडेच. त्यातून तिच्याजवळ होती ती साधी झेरॉक्स. अधिकाऱ्यांनी ती परत केली, यात त्यांचे काहीच चुकले नाही. लग्नाची तारीख पुढे गेली आणि नक्कल काढायचे काम माझ्याकडे आले.

पहिला घोळ कार्यालयाच्या नावाचा होतो. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत आणि प्रत्येक काउंटीचे एक सुपीरियर कोर्ट आहे. नाव भारदस्त असले तरी ते पहिल्या पायरीचेच न्यायालय आहे. न्यूयॉर्कमध्ये तर याच पायरीच्या न्यायालयाला सुप्रीम कोर्ट म्हणतात, आणि ते ऐकून गावाकडची मंडळी उगाच घाबरतात. कॅलिफोर्नियात कोर्टाच्या फायली कोर्टाच्या क्लर्ककडे असतात. काउंटी क्लर्क हे निराळे कार्यालय, तिथे विवाहाचे परवाने मिळतात; जमीन-घराची खरेदीखते रेकॉर्डरकडे. टेक्सासात घटस्फोटाची फाइल डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे मागायची, तर न्यूयॉर्कमध्ये काउंटी क्लर्क हाच त्या सुप्रीम कोर्टाचा दप्तरदार असतो. मी स्वतः पहिल्या खेपेस चुकीच्या इमारतीत पाऊण तास बसलो होतो. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितले की लग्न लावायचे असेल तर आमच्याकडे या, मोडल्याचा कागद हवा असेल तर रस्त्यापलीकडे.

योग्य इमारत सापडल्यावर मात्र आपल्याकडच्या माणसाला आश्चर्य वाटावे अशी एक गोष्ट दिसते. आपल्याकडे दाव्यातल्या त्रयस्थाला नक्कल हवी असली, तर कारण देऊन अर्ज करावा लागतो. कॅलिफोर्नियात दिवाणी फायली सर्वसाधारणपणे लोकांना खुल्या असतात. सुरक्षा तपासणीतून आत जायचे, टोकन घ्यायचे, प्रकरण क्रमांक सांगायचा. तुम्ही कोण, कशासाठी हवी, असे कोणी विचारत नाही. घटस्फोटाच्या फायलीही बहुतांशी खुल्याच आहेत, पण त्या घरबसल्या संगणकावर उघडत नाहीत. राज्याच्या नियमानुसार कौटुंबिक प्रकरणांतले कागद कोर्टात येऊनच पाहावे लागतात, आणि हा अडसर मला योग्य वाटतो. न्यूयॉर्कचा कायदा याहून कडक आहे. तिथे घटस्फोटाची फाइल पक्षकार आणि त्यांचे वकील यांनाच मिळते, तेव्हा तिथल्या प्रकरणात मामाने जाऊन उपयोग नाही.

प्रकरण क्रमांक हरवला असेल, तर नावावरून शोधावे लागते आणि तिथे मराठी नावांची खरी कसोटी लागते. सूचीत नाव असते ते दावा दाखल करणाऱ्याने टंकलेले. वाघ हे आडनाव 'डब्ल्यू'ने लिहिले की 'व्ही'ने, यावर फाइल सापडणे न सापडणे ठरते. वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मधले म्हणून धरले जाते, कधी आडनावाला चिकटून येते, तर कधी तेच आडनाव होऊन बसते. माहेरच्या आणि सासरच्या आडनावाचा घोळ वेगळाच. भाचीचे प्रकरण मला तिच्या नावावर सापडलेच नाही. तिच्या पहिल्या नवऱ्याच्या नावावर, तेही एक अक्षर गाळून शोधल्यावर सापडले. खिडकीवर शोधायला दहा मिनिटांहून जास्त वेळ लागला, तर पंधरा डॉलर शुल्क पडते. म्हणून आधी घरी बसून शक्य तेवढी स्पेलिंगे कागदावर लिहून न्यावीत.

जुन्या प्रकरणांत आणखी एक धोका असतो. फाइल कायम राहते ही आपली समजूत. कॅलिफोर्नियात बहुतेक दिवाणी दाव्यांच्या फायली १० वर्षांनी आणि घटस्फोटाच्या ३० वर्षांनी नष्ट करण्याची कायद्याने मुभा आहे. त्यामुळे लागेल तेव्हा काढू, हा हिशेब चालत नाही.

आता शिक्क्याविषयी. साध्या प्रतीला पानामागे ५० सेंट पडतात. पण भारतात चालावी अशी प्रत हवी असेल, तर प्रमाणित प्रत मागावी लागते. तिच्यावर मूळ फायलीशी जुळत असल्याचा क्लर्कचा दाखला, सही आणि कोर्टाची मोहोर असते. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याला त्यासाठी पंधरा डॉलर लागतात, इतर कागदांना चाळीसच्या आसपास. त्यानंतर राज्य सरकारच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट या अधिकाऱ्याच्या कार्यालयाकडून त्या सहीवर अपोस्टिल, म्हणजे ती सही खरी असल्याचे परदेशात चालणारे प्रमाणपत्र, घ्यायचे, त्याचे वीस डॉलर. हेग येथील ज्या करारानुसार अपोस्टिल चालते, तो भारतात २००५ पासून लागू आहे.

हा निव्वळ कारकुनी आग्रह नाही. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात तिरुपतीला लग्न झालेल्या पतीने मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस काउंटीच्या सर्किट कोर्टातून घटस्फोट मिळवला होता. निकाल न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिला आहे. तो घटस्फोट मान्य का होऊ शकत नाही, हा त्यातला गाजलेला भाग. पण नकलेबद्दलचा परिच्छेद सहसा कोणी वाचत नाही. त्या प्रतीवर काउंटीच्या उपक्लर्कचा दाखला होता आणि केवळ फोटोप्रत म्हणून ती बाद ठरत नव्हती. पुराव्यात ती अग्राह्य ठरली, कारण अमेरिकेतल्या भारत सरकारच्या प्रतिनिधीचे पुढचे प्रमाणपत्र तिच्यावर नव्हते. आज अपोस्टिल आले आहे, तरी कागद कचेरीत दाखवायचा आहे की न्यायालयात पुरावा म्हणून दाखल करायचा आहे, हे आधी आपल्या वकिलाला विचारून मगच नकला काढाव्यात. पैशाच्या हुकूमनाम्याला तर मुदतीचीही घाई असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली ज्या देशांचे हुकूमनामे आपल्या जिल्हा न्यायालयात थेट बजावता येतात, त्यांत अमेरिका नाही. त्यामुळे त्या निकालाच्या आधारे भारतात नवा दावा करावा लागतो आणि तो निकालाच्या तारखेपासून तीन वर्षांत करावा लागतो. ती तीन वर्षे नक्कल शोधण्यात गेलेली मी पाहिली आहेत.

कागद शोधण्याइतकेच कागद दाखल करण्याविषयीही गैरसमज आहेत. वकिलाशिवाय कोर्टाची पायरी चढता येत नाही, असे आपली मुले धरून चालतात. कॅलिफोर्नियात व्यक्तीला साडेबारा हजार डॉलरपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, करता येतो. तिथल्या सुनावणीत वकील पक्षकाराच्या वतीने उभाच राहू शकत नाही. दाखल करण्याचे शुल्क तीस ते पंचाहत्तर डॉलर, आणि ऐपत नसेल तर माफीचा अर्ज आहे. नमुने कोर्टाच्या मदत केंद्रात फुकट समजावून देतात. माझ्या पुतण्याचे घराचे डिपॉझिट, जे घर सोडल्यापासून २१ दिवसांत परत मिळायला हवे, ते घरमालकाने अडवले तेव्हा त्याने स्वतःच अर्ज भरला, मूळ कागद आणि दोन प्रती नेल्या, दाखल झाल्याचा शिक्का मारलेली आपली प्रत घेतली आणि ऐटीत घरमालकाच्या दारात जाऊन समन्स स्वतःच्या हाताने दिले. ती बजावणी व्यर्थ गेली. समन्स देणारा अठरा वर्षांवरील आणि दाव्यात पक्षकार नसलेला माणूसच हवा, आणि एकाच काउंटीत असाल तर हातोहात बजावणी सुनावणीच्या किमान पंधरा दिवस आधी झाली पाहिजे. इकडे कोर्टाचा बेलिफ आपणहून समन्स घेऊन जात नाही. सुनावणीची पुढची तारीख घेऊन, ओळखीच्या एका गृहस्थांकडून समन्स पाठवून ते काम मार्गी लागले.

या सगळ्यात मधल्या माणसांचा धंदा मात्र जोरात चालतो. हुकूमनामा आणून देतो, असे म्हणून शेकडो डॉलर घेणारे एजंट समाजमाध्यमांवर पैशाला पासरी आहेत. त्यांतले सगळेच फसवतात असे नाही. टपालाने अर्ज पाठवून पस्तीस डॉलरमध्ये होणाऱ्या कामाचे ते तीनशे घेतात, एवढेच. भारतात वकिलाला देण्यासारखे पैसे तिथेच संपतात.

माझ्या भाचीची नक्कल मी प्रमाणित करून घेतली, अपोस्टिल लावून घेतले आणि कुरियरने पाठवली. अपोस्टिलचा कागद हुकूमनाम्याला पिनने जोडलेला असतो आणि ती पिन काढायची नसते, कारण काढली की दोन कागद एकमेकांचे आहेत हेच सिद्ध होत नाही. हे मी पाकिटावर मराठीत, लाल शाईत लिहिले होते. तिच्या वडिलांनी अधिकाऱ्यांकडे देण्याआधी आपल्याकडे एक प्रत असावी म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात झेरॉक्स काढली. दुकानदाराने कागद सरळ बसावेत म्हणून पिन उचकटली, झेरॉक्स काढली आणि दुसरी, जास्त चांगली पिन मारून दिली. मी पुन्हा त्याच खिडकीवर गेलो. या खेपेस तीन प्रती घेतल्या.

आपला,
एक वाचक,
कॅलिफोर्निया