बाबांची रात्रीची गोळी

ती. बाबा आणि आई,
सा. न.

काल फोनवर बाबांचा आवाज चढला होता. हर्नियाच्या ऑपरेशनआधी झोपेची गोळी देणार नाही म्हणतात म्हणजे काय, असं. मी ड्यूटीवर होते, "बरोबर आहे त्यांचं" म्हणून फोन ठेवून दिला. ते बाबांना लागलं असणार. म्हणून आता सविस्तर लिहिते.

भूल देताना आम्ही माणसाला आधी झोपवतो ते बहुतेक वेळा प्रोपोफॉलने. दुधासारखं पांढरं औषध, शिरेतून जाताना हात चुरचुरतो. धडधाकट तरुणाला किलोमागे दीड ते अडीच मिलिग्रॅम लागतं, बाबांच्या वयाला एक ते दीड. आधी भीती घालवायला मिडाझोलामसारखं शामक दिलं असेल, तर त्याहूनही कमी. दोन्ही औषधं मेंदूतल्या एकाच 'गाबा' रिसेप्टरवर (मेंदूला शांत करणारं बटणच म्हणा) बसतात, पण वेगवेगळ्या जागी, आणि एकमेकांचा जोर वाढवतात. म्हणजे एक अधिक एक दोनावर थांबत नाही. (बाबा, तुमच्या हिशेबीपणाला हे पटणार नाही, ठाऊक आहे.) फेंटानिलसारख्या वेदनाशामकानेही डोस उतरतो.

हे सगळं मला तोंडपाठ होतं, तरी शिकत असताना एकदा चुकलेच. सत्तरीच्या आजी होत्या. वॉर्डातून शामक देऊन पाठवलेल्या, डोळे अर्धे मिटलेले. मी केसपेपरवरचं वजन पाहिलं, ५० किलो, आणि तरुण माणसाच्या हिशेबाने १०० मिलिग्रॅम भरलं, म्हणजे १० मिली. निम्मं दिलं, पापणीला बोट लावलं, तर ती अजून हलत होती. झोपल्या नाहीत असं वाटून उरलेलंही ढकललं. म्हातारपणी रक्ताभिसरण मंदावतं, औषध मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो, तेवढा धीर मी धरला नाही. मिनिटभरात वरचं बीपी ७० वर आलं. सलाईन जोरात सोडलं, पाय वर केले, बीपी वाढवायचं इंजेक्शन दिलं, तेव्हा कुठे सावरलं. दुपारी आजी शुद्धीवर येऊन विचारत होत्या, "झालं का गं?" माझे हात मात्र तेव्हाही थरथरत होते. आता मी २ मिली देते, थांबते, त्यांच्याशी बोलते, पापणी बघते, मग पुढचे २ मिली.

आता मुद्द्याचं. बाबा, तुम्ही बरीच वर्षं रात्री अल्प्राझोलाम ही शामक गोळी घेता, हे आईने मला हळूच सांगितलं. तिच्यावर रागावू नका. तपासणीच्या वेळी तुम्ही भुलीच्या डॉक्टरांना "काही घेत नाही" म्हणालात ना? त्यांना ते कळायलाच हवं. ही गोळीही त्याच 'गाबा'वर काम करते. पण रोज घेणाऱ्याच्या शरीराला तिची सवय झालेली असते, त्यामुळे त्याचा डोस एरवीच्या हिशेबाने ठरत नाही. ती एकदम सोडली तर छातीत धडधड, घबराट, कधी फिटसुद्धा येते. तेव्हा आपल्या मनाने बंद करू नका आणि मनाने दोनही घेऊ नका. त्या रात्री काय करायचं ते तेच सांगतील.

डॉक्टर वेगळी गोळी का देत नाहीत, तेही सांगते. साठी-पासष्टीनंतर शामकांमुळे ऑपरेशननंतर गोंधळायला होतं. माणूस रात्री उठून सलाईनच ओढतो, घरच्यांना ओळखत नाही. भीती वाटत असेल तर भुलीच्या डॉक्टरांना तसं सांगा. त्यात कमीपणा नाही, आम्हाला रोज ऐकायची सवय आहे.

आई, औषधाचं नाव सांगत बसू नकोस. गोळ्यांची पट्टीच पर्समध्ये टाक, त्यावर मिलिग्रॅम लिहिलेले असतात. बाबांच्या बीपीच्या गोळ्यांचीही. मी आदल्या संध्याकाळी पोचते.

तुमची,
छोटी