संदर्भसूचीत पानांचे आकडे द्या

संपादक महोदय,

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणात २० प्रश्नांना पर्याय निवडून उत्तरे द्यायची असतात. अभ्यासक्रम किती टक्के शिकवून झाला, हा पहिलाच प्रश्न. नेमलेले पुस्तक हाती पडले का, हे मात्र कुठेच विचारलेले नाही. नाराजी तर बहुतेकदा तिथूनच सुरू होते.

अभ्यासक्रमाच्या शेवटी संदर्भग्रंथांची पंधरा-वीस नावे असतात. त्यांतले अनिवार्य कोणते, पूरक कोणते, कितवी आवृत्ती, कोणत्या घटकाला कोणती पाने, याचा पत्ता नसतो. काही पुस्तके बाजारातून केव्हाच गेलेली असतात. गगनबावड्याहून एसटीने येणारी मुलगी दोन तासिकांच्या मधल्या वेळात ही यादी घेऊन ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीशी उभी राहते. ‘यातलं नेमकं कुठलं वाचू?’ याचे उत्तर मिळाले नाही, की ती गाईड विकत घेते. तिला बोल लावण्यात अर्थ नाही.

हिशेब करून पाहा. वर्गात ६० मुले, सत्र १५ आठवड्यांचे, पुस्तक सात दिवस घरी. एक प्रत सत्रभरात १५ जणांकडे जाते. चार प्रती घेतल्या तरी शेवटच्या चौघांना ती परीक्षेच्या तोंडावर मिळते. त्यात नवी यादी जून-जुलैत हाती आली, तर मागणीपत्र, दरपत्रके, समितीची मंजुरी आणि दाखलनोंद होईपर्यंत दिवाळी उजाडते.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्या विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांना कळकळीची विनंती आहे, की प्रत्येक घटकाला दोनच अनिवार्य वाचने द्यावीत, तीही आवृत्ती आणि पृष्ठांकासह. यादी मंजूर होण्याआधी ग्रंथपालाला दाखवावी. कोणते पुस्तक मिळते आणि कोणते महाविद्यालयांसाठीच्या ‘एन-लिस्ट’ या ऑनलाइन सेवेवर ई-पुस्तक म्हणून आहे, हे तो दोन दिवसांत सांगू शकतो. महाविद्यालयांनी अनिवार्य पुस्तकाची एक प्रत वाचनकक्षात राखीव ठेवावी. निवडक प्रकरणांचा झेरॉक्स संच करायलाही कचरू नये. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये अध्यापनाच्या गरजेपुरत्या प्रती काढायला सूट आहे, आणि दिल्ली विद्यापीठातील अशा संचांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती मान्य केली. अख्खे पुस्तक छापून वाटणे ही वेगळी गोष्ट.

सर्वेक्षणाच्या शेवटी सूचनांसाठी मोकळी जागा असते. विद्यार्थ्यांनी तिथे न मिळालेल्या पुस्तकांची नावे लिहावीत.

– एक ग्रंथपाल, कोल्हापूर